मैलापाणी प्रकल्पाच्या जागेवरची जीवसृष्टी: विस्तारापूर्वीची पाहणी कशी आणि केव्हा करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचगंगेच्या काठावरील एका नगरपरिषदेत आपण अभियंता आहात. सध्याच्या जागेवर जुने ऑक्सिडेशन पाँड (मैलापाणी ऊन, शेवाळ आणि जिवाणूंच्या मदतीने शुद्ध करणारी उघडी तळी) आणि गाळ सुकवण्याचे वाफे आहेत. त्या जागी एसबीआर पद्धतीचा (एकाच टाकीत आळीपाळीने पाणी भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि पाणी सोडणे) नवा प्रकल्प उभा करायचा असून मार्चअखेर निविदा काढायची आहे. सल्लागाराने आता ‘वन्यजीव व अधिवास पाहणी अहवाल’ मागितला आहे. आपण विचारता की मैलापाण्याच्या जागेत कसले वन्यजीव असणार, ही पाहणी करावीच लागते का, आणि करायची झाल्यास दोन दिवसांत उरकेल का. मी कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत अशा पाहण्या बरीच वर्षे करत आलो आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच क्रमाने देतो.

सुरुवात ‘कसले वन्यजीव असणार’ यापासून करू, कारण खरी अडचण तिथेच आहे. उथळ, संथ आणि सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या पाण्यात लाल अळ्या, गाळातील कृमी आणि माश्या अमाप वाढतात. काठावर पाणकणीस आणि गवत माजते. कुंपण असल्यामुळे माणसांची वर्दळ तुरळक असते, आणि चारही बाजूंना उसाचे फड असल्यामुळे दुसरीकडे उघडे पाणी मिळत नाही. अशी जागा पक्ष्यांना, बेडकांना आणि सापांना सोयीची वाटली तर त्यात नवल काही नाही. पुण्याजवळच्या कवडीला मुळा-मुठेच्या मैल्या पाण्यावर हिवाळ्यात किती पक्षी उतरतात, हे पक्षीनिरीक्षकांना ठाऊक आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींचा कारभार तर शहराच्या सांडपाण्यावरच चालतो, आणि त्या 2002 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहेत. म्हणून घाण पाणी आहे, तेव्हा जीव नसणार, हे गृहीतक सोडून द्यावे. आपल्या पाहणीचा खरा प्रश्न असा आहे की आजच्या जागेत कोण, कुठे, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी येतो, आणि नव्या बांधकामाने त्यातले नेमके काय जाणार आहे.

आता ‘करावीच लागते का’ हा प्रश्न. याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. पर्यावरणीय मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात उद्योगांचे सामायिक सांडपाणी प्रकल्प आहेत, पण नगरपालिकेचा घरगुती मैलापाण्याचा प्रकल्प स्वतंत्र बाब म्हणून त्यात नाही. त्यामुळे केवळ त्या अधिसूचनेमुळे आपल्याला पाहणी करावी लागेल असे नाही, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हा वेगळा विषय आहे. मात्र प्रकल्पाला जागतिक बँकेसारख्या संस्थेचे कर्ज असेल तर जैवविविधतेविषयीचे त्यांचे सहावे मानक लागू होते आणि मग पाहणी टाळता येत नाही. आपल्या सल्लागाराची मागणी बहुधा तिथून आली असावी, तेव्हा ती कोणत्या कलमाखाली केली आहे हे त्यांना लेखी विचारून घ्यावे. झाडे तोडायची असतील तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते, त्यामुळे बांधावरच्या एखाद्या जुन्या वडा-उंबरावरही आराखडा अडू शकतो.

कर्ज असो वा नसो, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मात्र सर्वांना लागू आहे. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे, तसेच अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा पोहोचवणे हेही येते. बंदूक हाती न घेता, केवळ चुकीच्या महिन्यात बांध फोडला म्हणून ठेकेदार त्या व्याख्येत बसू शकतो, हे मी प्रत्येक पहिल्या बैठकीत सांगतो, आणि दरवेळी समोरच्यांना ते नवे वाटते.

दोन दिवसांच्या पाहणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दोन दिवसांत त्या दोन दिवसांची पाहणी होते. आपल्या भागात वर्षाचे निदान तीन तुकडे वेगळे पाहावे लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत धोबी, तुतवार आणि बदके असे स्थलांतरित पाहुणे असतात. मार्चपासून पावसापर्यंत जमिनीवर घरटी करणाऱ्यांचा काळ येतो. टिटवी सुक्या गाळाच्या वाफ्यातील खडीवर अंडी घालते, शेकाट्या तळ्यातील चिखलाच्या उंचवट्यावर घालतो, आणि वेडा राघू बांधाच्या उभ्या मातीत बीळ कोरतो. जुलै ते सप्टेंबर हा बेडूक, सुगरण, पाणकोंबडी आणि पावसाळी वनस्पतींचा काळ आहे, आणि बगळ्यांचे सारंगागार, म्हणजे एकत्र घरट्यांची वसाहत, जवळ असेल तर तेही याच दिवसांत गजबजते. एका भेटीत यातला एकच तुकडा दिसतो, आणि उरलेल्या दोन तुकड्यांविषयी अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले जाते. हे लिहिणे खोटे नसते, पण वाचणाऱ्याची दिशाभूल करते.

पंचगंगेच्या काठी यात पुराची भर पडते. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेले, हे आपण पाहिलेच आहे. मोठ्या पुरानंतर बांधाची बिळे बुजतात, तळ्यांत नदीतले मासे येतात, साप आणि घोरपडी उंच जागा शोधत पंपघराच्या आवारात येतात. म्हणून पुराच्या आधी केलेली पाहणी पूर येऊन गेल्यावर जशीच्या तशी वापरू नये, निदान एक फेरी पुन्हा मारावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. पहिले दोन-तीन दिवस टेबलावरचे असतात. जुने उपग्रह-नकाशे पाहून तळी केव्हा भरलेली आणि केव्हा कोरडी असतात हे समजून घ्यावे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर परिसराच्या नोंदी पाहाव्यात. नगरपरिषदेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, तीही मागवावी. काही नोंदवह्या शेजारच्या गावाची प्रत काढल्यासारख्या असतात, पण एखादीत मासेमारांनी सांगितलेली माशांची यादी फार मोलाची निघते. सर्वांत जास्त माहिती मात्र रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे असते. पंपावर पंधरा वर्षे काढलेल्या माणसाने इनलेटजवळ, म्हणजे मैलापाणी आत येते तिथे, कोणते जनावर पाहिले, कोणत्या महिन्यात तळ्यावर पक्ष्यांचा गलका असतो, कुत्र्यांनी काय मारून टाकले, हे तो अर्ध्या तासात सांगतो. मी त्याच्याशी बोलल्याशिवाय दुर्बीण बाहेर काढत नाही.

त्यानंतर जागेचे तुकडे पाडावेत: उघडे पाणी, पाणकणसाचा पट्टा, मातीचे बांध, दगडी पिचिंग (उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर), गाळाचे वाफे, झाडांची रांग, जुन्या इमारती, नाला आणि नदीकाठ. प्रत्येक तुकड्यात ठरलेल्या जागी उभे राहून सूर्योदयानंतरच्या दोन तासांत दहा-दहा मिनिटांची पक्षीगणना करावी, आणि ती वेगवेगळ्या तीन दिवशी तरी करावी. किती वेळ पाहिले, कोणी पाहिले, हवा कशी होती हे लिहून ठेवावे, कारण ‘दिसले नाही’ या नोंदीला किंमत येते ती किती वेळ शोधले यावरून.

एका हंगामात उभे राहूनही दुसऱ्या हंगामाच्या खुणा वाचता येतात. फेब्रुवारीत बाभळीवर सुगरणीचे वाळलेले खोपे लटकत असतील तर पावसाळ्यात तिथे वसाहत होती. बांधाच्या उभ्या कापात मुठीएवढी भोके आणि त्याखाली ताजी उकरलेली माती असेल तर खंड्या किंवा वेडा राघू यंदाही तयारीत आहे. पिचिंगच्या दगडांत सापाची कात, पंपघराच्या स्लॅबखाली पाकोळ्यांची मातकट घरटी, पोटमाळ्यावर गव्हाणी घुबडाने ओकलेले उंदरांच्या हाडांचे गोळे आणि वटवाघळांच्या लेंड्या, या सगळ्या मोफत मिळणाऱ्या नोंदी आहेत. आराखड्यात ‘जुने पंपघर पाडणे’ ही एका ओळीची बाब असते, आणि बहुतेकदा सर्वांत जास्त रहिवासी त्याच ओळीत राहत असतात.

कासवांविषयी मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडच्या तळ्यांत मऊ पाठीचे, मागच्या पायांवर झडपा असलेले गोड्या पाण्यातील कासव आढळते. त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पाणी आटले की ते ओल्या गाळात स्वतःला पुरून घेते आणि पावसाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहते. आपली बांधकाम खाती तळे आटवून गाळ काढण्याचे काम नेमके एप्रिल-मेमध्ये ठरवतात, कारण तेव्हा जेसीबी तळात उतरू शकतो. एका गावी मला बोलावले गेले ते काम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी. बादलीतून गाळाबरोबर कासवे बाहेर पडत होती, काहींच्या पाठी चिरल्या होत्या, आणि मजुरांतल्या एकाने त्यातली चार सिमेंटच्या टाकीत ठेवून वर गोणपाट टाकले होते. काम थांबले, वनविभागाला कळवावे लागले, आणि पावसापूर्वी संपायचे काम पुढच्या वर्षावर गेले. त्या जागेचा पाहणी अहवाल तयार होता. त्यात ‘सरपटणारे प्राणी: आढळले नाहीत’ असे होते, कारण पाहणी मे महिन्यात कोरड्या तळ्याच्या बांधावरून केली होती.

यावरून मी एक पद्धत ठरवून घेतली आहे. तळे भरलेले असताना, हिवाळ्यातील उन्हाच्या वेळी, काठावर आणि तरंगत्या ओंडक्यांवर दुर्बिणीने कासवे मोजावीत. तळे रिकामे करायचे ते पाणी असतानाच, हळूहळू, एका बाजूने, शेवटचा कोपरा सर्वांत शेवटी ठेवून, आणि जाणकार माणूस जागेवर हजर असताना. कासवे हलवायची असतील तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि ती कुठे सोडायची ते ठिकाणही त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. स्वतः पकडून कोल्हापूरच्या रंकाळा तलावात सोडण्याचा सद्भावनेचा मार्ग कायद्यात बसत नाही, आणि कासवालाही फारसा मानवत नाही.

रात्रीची पाहणी बहुतेक अहवालांत नसते, म्हणून तिचा आग्रह धरावा. पहिल्या वळवानंतरच्या दोन-तीन रात्री बेडकांचे आवाज ऐकून जेवढे कळते तेवढे दिवसाच्या आठवड्यात कळत नाही. नदीकडच्या बाजूला दगडांवर माशांचे खवले असलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर पाणमांजराची शक्यता धरून चार-पाच कॅमेरा ट्रॅप (हालचाल होताच आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) पंधरा दिवस लावावेत. त्यात रानमांजर, मुंगूस, साळिंदर आणि कोल्हाही येतो, आणि भटकी कुत्री सर्वांत जास्त येतात. कृष्णा आणि वारणेच्या काठी मगर ही नवलाई राहिलेली नाही, त्यामुळे पंचगंगेलगतच्या जागेतही रात्री पाण्याच्या कडेने एकट्याने फिरू नये, आणि बॅटरीच्या झोतात डोळे चमकले तर जवळ जाऊन खात्री करण्याचा मोह आवरावा.

आता एक अवघड कबुली. नवा प्रकल्प नीट चालला तर काही पक्षी कमी होतील. बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप, उतरले की अळ्या कमी होतात, उघडी तळी जाऊन उभ्या भिंतींच्या टाक्या आल्या की उतरायला काठ राहत नाही. अहवालात हे लपवू नये. नदीच्या पाण्यातले प्राणवायूचे प्रमाण वाढणे हे कोणत्याही तराजूत जड पारडे आहे, हे मी पक्षीनिरीक्षक असूनही म्हणतो. पण नुकसान कमी करण्याचा एक सोपा मार्ग बहुतेक जागांवर उपलब्ध असतो. एसबीआरला तळ्यांपेक्षा जागा फारच कमी लागते. तेव्हा सगळी तळी बुजवून लॉन आणि पेव्हर टाकण्याऐवजी शेवटचे एक तळे राखून त्यातून प्रक्रिया केलेले पाणी फिरवून पुढे सोडावे. उथळ उतार, थोडे पाणकणीस आणि मध्ये एक मातीचा उंचवटा एवढ्यावर शेकाट्या आणि पाणकोंबडी टिकतात. हा निर्णय आराखडा गोठण्यापूर्वीच होऊ शकतो, आणि पाहणी आधी करायची ती मुख्यतः यासाठी.

काम चालू असताना नदीचे काय होणार, हा भाग बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. जुना प्रकल्प बंद करून नवा जोडेपर्यंत मैलापाणी कुठे जाणार? उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात, पाणी जागच्या जागी उभे असते, आणि अशा वेळी आठवडाभर जरी कच्चे पाणी नाल्यातून थेट सुटले तरी मासे मरून वर येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव व मत्स्यसंवर्धनासाठीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे निदान 4 मिलीग्रॅम असावा लागतो. नाला मिळतो त्याच्या वर, लगेच खाली आणि पुढच्या बंधाऱ्यापाशी, पहाटेच्या वेळी हे प्रमाण मोजून ठेवावे. पहाटे म्हणतो ते मुद्दाम, कारण रात्रभर शेवाळ प्राणवायू खाते आणि दुपारच्या नमुन्यात आकडा फसवा चांगला दिसतो. तळ्यांचे टप्प्याटप्प्याने स्थलांतर, म्हणजे निम्मी तळी चालू ठेवून निम्म्या जागेवर बांधकाम, शक्य असेल तर तोच मार्ग धरावा.

पाहणीची सीमा कुंपणापाशी संपवू नये, ही माझी आणखी एक हट्टाची बाब आहे. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या अनुषंगाने नवा प्रकल्प उंचावर बांधायचा तर हजारो ब्रास मुरूम लागेल. तो कुठल्या माळावरून येणार, डंपर कोणत्या पाणंदीने जाणार, आणि काढलेला गाळ कुठे पडणार, हे नकाशावर दाखवून त्या जागाही पाहाव्यात. मी अशा पाहण्यांत प्रकल्पाच्या आत फारसे काही नाही, पण मुरूम काढायच्या माळावर टिटव्या आणि चंडोलांची घरटी, असा प्रकार एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

आपल्यापाशी मार्चअखेरपर्यंत वेळ आहे. तीन हंगाम आता मिळणार नाहीत, हे मान्य करून पुढीलप्रमाणे करावे. आता हिवाळी पक्ष्यांची गणना, झाडांची मोजणी, कासवांची मोजणी, जुन्या खुणांची नोंद आणि कॅमेरे एवढे पूर्ण होईल. जे पाहता येणार नाही ते ‘आहे’ असे धरून आराखडा करावा आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे. उरलेल्या दोन फेऱ्या निविदेनंतर, काम सुरू होण्यापूर्वी करण्याची अट घालावी. या अटी सर्वसाधारण शर्तींच्या पानांत पुरू नयेत, परिमाण पत्रकात (निविदेतील कामे, त्यांची संख्या आणि दर यांच्या तक्त्यात) पैसे लावून वेगळ्या बाबी म्हणून आणाव्यात: माती खोदण्यापूर्वीची जीवतज्ज्ञाची तपासणी दर फेरीप्रमाणे, तळे रिकामे करतानाची देखरेख दर दिवसाप्रमाणे, टाक्यांना प्राणी बाहेर पडण्यासाठी उताराच्या फळ्या किंवा जाळी दर नगाप्रमाणे. ज्या बाबीचे बिल निघत नाही ती बाब ठेकेदार करत नाही, आणि त्यात मला त्याचा दोषही दिसत नाही. सरकारी दरसूचीत जीवतज्ज्ञाचा दर सापडणार नाही, तेव्हा बाजारातील कोटेशन जोडून दर मंजूर करून घ्यावा लागेल. त्यासाठी लेखा विभागाशी आताच बोलून ठेवलेले बरे.

उताराच्या फळ्यांविषयी कोणी हसले तर त्यांना चालू एसबीआर प्रकल्पाच्या टाकीकडे सकाळी सातला घेऊन जावे. उभ्या, गुळगुळीत भिंतीत पडलेली घोरपड किंवा मुंगसाचे पिल्लू रात्रभर कडेकडेने पोहून शेवटी बुडते. एका काथ्याच्या जाळीच्या पट्ट्याने ते वाचते, आणि ऑपरेटरला मेलेले जनावर गळाने काढण्याचे कामही वाचते. कुंपणाखाली वीतभर फट, नदीकडे न झुकलेले आणि झाकण असलेले दिवे, खोदलेल्या चरांची रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी तपासणी, ही त्याच जातीची स्वस्त कामे आहेत.

अहवाल कसा असावा, याचे माझे माप एकच आहे. साइट इंजिनिअरने तो गाडीच्या बॉनेटवर पसरून वापरता आला पाहिजे. प्रजातींची यादी परिशिष्टात जाऊ द्या. पुढे एक नकाशा असावा, त्यावर कोणत्या तुकड्यात कोणत्या महिन्यांत यंत्र न्यायचे नाही ते रंगवलेले असावे, आणि शेजारी बारा महिन्यांची पट्टी असावी. उदाहरणार्थ, गाळाचे वाफे खोदायचे तर सप्टेंबर ते फेब्रुवारी, झाडांची छाटणी ऑक्टोबर ते जानेवारीत, आणि बांध फोडण्यापूर्वी बिळांची तपासणी बाराही महिने.

शेवटी पाहणी करणाऱ्यांच्या जिवाविषयी. धनुर्वात आणि कावीळ यांची लस झालेली असावी, गमबूट आणि हातमोजे असावेत, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराच्या) भीतीने त्या दिवशी पाण्याजवळ जाऊ नये. वेट वेल (पंपापूर्वी मैलापाणी साठवणारी विहीर), मॅनहोल किंवा कोणत्याही बंद चेंबरमध्ये वटवाघळे पाहण्यासाठीसुद्धा डोके घालू नये, कारण तिथला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. दोन माणसांच्या जोडीने फिरावे, आणि रात्रीच्या फेरीची वेळ ऑपरेटरला सांगून जावे. आपण जागेचा नकाशा, तळ्यांची सध्याची पातळी आणि नदीपासूनचे अंतर कळवलेत, तर कोणत्या तुकड्यापासून सुरुवात करावी ते मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.